बुल्वेच्या घरट्यात पडलेला कॅमेरा

मित्रांनो, फुटक्या भिंगाचा, खिळ्याला टांगलेला आणि कायमचा मुका झालेला असा मी एक कॅमेरा आहे. मुका म्हणजे माझ्या आतला पडदा आता हलत नाही. बटण दाबलं तरी खट्ट होत नाही. माणसांना वाटतं, पडदा हलला नाही म्हणजे कॅमेऱ्याला दिसलं नाही. तसं काही नसतं. दिसतं सगळं, फक्त दाखवता येत नाही. मी एकदा असं काही पाहिलं, जे एका मुलीला तिच्या बापाबद्दल कळायलाच हवं. मी या घरात तिच्या डोळ्यांसमोर टांगलेला आहे आणि तिला ते सांगू शकत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

जन्माची गोष्ट फार लांबवत नाही, कारण ती आम्हा सगळ्यांची सारखीच. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात, तोंडाला फडकी बांधलेल्या मुलींनी मला एकेक स्क्रू पिळून उभं केलं. तिथून मी कंपाला शहरात आलो आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थांच्या गळ्यात पडलो. तिथे माझी चैन होती. नवऱ्या, करवल्या, केक, घामाघूम होऊन नाचणारे मामा. लोक म्हणायचे, "काय लख्ख फोटो येतात हो," आणि मी फुशारून जायचो. मग गृहस्थांनी नवा कॅमेरा घेतला आणि मला कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवलं. दमट हवेनं भिंगाच्या कडेला बुरशी धरली. कोणी ढुंकून पाहिलं नाही. कौतुकाची सवय लागलेल्याला अडगळ फार जाचते, मित्रांनो.

तिथून मला पेर्पेतुआनं सोडवलं. नालुकोंगेच्या राखीव पाणथळीत ती होडी वल्हवायची आणि पाहुण्यांना पक्षी दाखवायची. "तिथे बघा, आता इकडे बघा," असं दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांना सांगून सांगून ती कंटाळली होती. तिला स्वतःचा कॅमेरा हवा होता. पैसे नव्हते, म्हणून ती मोटारसायकलच्या मागे एक गाभण डुकरीण बांधून घेऊन आली. गृहस्थांनी डुकरिणीचे दात पाहिले, पोट चाचपलं आणि मला लांब भिंगासकट तिच्या हाती दिलं.

"लांब भिंगसुद्धा ने बाई," ते म्हणाले, "मला लग्नात नवरीच्या नाकातला केस दाखवायचा नसतो."

तर अशी माझी किंमत एक डुकरीण. मला त्याचा जरासा राग आला होता. पण पेर्पेतुआनं घरी नेऊन माझी बुरशी मऊ कापडानं इतक्या हळू पुसली, की तो राग निघून गेला. ती मला झाकणाच्या डब्यात कोरड्या कोळशावर ठेवायची, दमट लागू नये म्हणून. बाळाला पाळण्यात ठेवतात तसं.

घरात तिघं होती. पेर्पेतुआ, तिचा धाकटा भाऊ गोन्झागा आणि त्यांचा बाप मुबीरू. आई पोरं लहान असतानाच गेली होती. मुबीरू उंच, कमी बोलणारा, धक्क्यावर मान असलेला मासेमार. गोन्झागाही मासेमार, पण बापाच्या वाट्याचं सगळं बोलणं त्याच्याकडे आलेलं. पोरं बापाला ताता म्हणायची. भाऊ-बहीण दिवसभर भांडायची आणि एकाच ताटातले मातोके, म्हणजे उकडलेली कच्ची केळी, खायची.

आता तुम्हाला वाटत असेल, पक्ष्यांचे फोटो काढायचे म्हणजे गोजिरवाणं काम. मलाही तसं वाटलं होतं. पहिल्याच सकाळी मी एका खंड्याला मासा फांदीवर आपटताना पाहिलं. तो आपटत राहिला, माशाचा डोळा बाहेर आला तरी आपटत राहिला. पुढे एक अजगर पाहिला, ज्यानं दलदलीतल्या हरणाच्या पाडसाला विळखा घातला होता. पाडसाची जीभ बाहेर आली, ती निळी पडली, आणि मी उघडझाप करत होतो. कमळाच्या पानांवरून चालणाऱ्या पक्ष्याची चार पिल्लं एका बगळ्यानं एकामागून एक उचलली. आई पानावर उभी राहून ओरडत होती. लग्नातल्या केकची सवय असलेला मी, माझं काय झालं असेल बघा. पेर्पेतुआ मात्र डोळा हटवायची नाही. म्हणायची, "हे असंच आहे. आपण फक्त नीट बघायचं."

त्या पाणथळीचा राजा म्हणजे बुल्वे. माणसाच्या छातीएवढा उंच, राखाडी पक्षी. चोच म्हणजे एक जाडजूड लाकडी जोडाच. तासन्‌तास हलत नाही. मग अंगाचा सगळा भार टाकून पाण्यावर कोसळतो आणि चोचीत चिखलातला लांबडा मासा घेऊन वर येतो. चोचीच्या धारदार कडेनं त्या माशाचं मुंडकं तोडतो आणि उरलेलं गिळतो. तो लांबडा मासा म्हणजे मुबीरूच्या कुळाचं दैवत. त्याच्या घराण्यात तो मासा कोणी खात नाही, मारत नाही. बुल्वे आपल्या कुळाच्या नातलगाला गिळतो, हे मुबीरूला पहिल्यापासून सलत होतं.

धक्क्यावरच्या इतर मासेमारांचा राग वेगळा. त्यांच्यात पूर्वीपासून ठाम समजूत की सकाळी जाळं टाकायला निघालेल्या माणसाला बुल्वे दिसला, तर त्या दिवशी मासा मिळायचा नाही. होडी तिथल्या तिथे वळवायची. त्याच्याकडे बघायचं नाही. सरळ घरी यायचं. जो तापट असेल तो आधी पक्ष्याला ठार करून मग घरी यायचा. आणि होडीत बाई असणं हाही अपशकुनच. पेर्पेतुआ भल्या सकाळी होडीत बसून बुल्वे शोधायला निघायची, म्हणजे विचार करा.

मासेमारांचा म्होरक्या सेबुन्या जाळं झटकता झटकता म्हणायचा, "निघाली बघा. एक अपशकुन दुसऱ्या अपशकुनाला भेटायला."

"सेबुन्या, तुझ्या जाळ्याची भोकं आधी बुजव," ती वल्हं न थांबवता म्हणायची. "एवढी मोठी आहेत की त्यातून एखाद दिवशी तुझी बायको निघून जाईल."

धक्का हसायचा. सेबुन्या हसायचा नाही.

त्या वर्षी पेर्पेतुआला घरटं सापडलं. दलदलीच्या पोटात, माणसाच्या दुप्पट उंचीच्या लव्हाळ्यांत, तरंगत्या गवतावर रचलेला मोठा गालिचाच. त्यात दोन पिल्लं होती. त्या भागात बुल्वेची एवढी एकच जोडी उरली होती, त्यामुळे पेर्पेतुआला त्या रात्री आनंदानं झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही लव्हाळ्यांत दडून बसू लागलो. आणि जे पाहिलं ते सांगायला मला आजही जड जातं. थोरलं पिल्लू धाकट्याच्या डोक्यावर चोच मारत होतं. एकाच जागी. कातडी सोलली, रक्त आलं, तरी तिथेच. आई आली. तिनं थोरल्याला भरवलं. धाकटं मान वर करून लटलट कापत होतं, त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही. पेर्पेतुआचा हात लव्हाळ्यांतून पुढे गेला आणि परत आला. माणसाचा हात लागला तर आई घरटंच सोडेल, ही भीती. धाकटं तिसऱ्या सकाळी घरट्याच्या कडेला मरून पडलेलं होतं. थोरलं त्याच्या अंगावर उभं राहून अन्न मागत होतं.

"हे एक तरी जगू दे," पेर्पेतुआ पुटपुटली. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. त्या एका पिल्लाला उडताना पाहायचं, एवढंच.

मग ती सकाळ आली.

एका अरुंद पाणवाटेच्या तोंडाशी बुल्वेची मादी उभी होती. आमची होडी जरा अलीकडे. माझं भिंग तिच्यावर रोखलेलं. ऊन तिच्या चोचीवर तिरपं पडलं होतं. तेवढ्यात मागून वल्ह्याचा आवाज आला आणि वळणावरून गोन्झागाची होडी निघाली. जाळं टाकायला चालला होता तो. त्यानं आम्हाला पाहिलं, मग पक्ष्याला पाहिलं, आणि पटकन एका हातानं डोळे झाकले.

"अगं ए पेर्पे, सकाळी सकाळी कोणाचं तोंड दाखवलंस हे," तो हसतच म्हणाला. "गेला माझा आजचा दिवस."

"ये इकडे, चावत नाही ती," पेर्पेतुआ म्हणाली.

"तू लग्न कर तिच्याशी. मी चाललो घरी."

आणि एका हातानं डोळे झाकून दुसऱ्या हातानं त्यानं होडी वळवायला घेतली. पाणवाट फार अरुंद. होडीचं टोक लव्हाळ्यांत घुसलं. त्यानं जोर लावून रेटलं. लव्हाळ्यांच्या आत पिल्लू घेऊन पाणघोड्याची मादी बसली होती. होडी तिच्या पिल्लाला लागली असावी. पाणी फुगलं. होडी काडीसारखी उलटली. गोन्झागा पाण्यातून वर आला, त्यानं आमच्याकडे पाहिलं. मग त्या जनावराचा जबडा उघडला आणि त्याच्या कमरेवर मिटला. मी हाडांचा आवाज ऐकला. तिनं त्याला हलवलं, सोडलं, पुन्हा धरलं. पाणी आधी तपकिरी होतं, नंतर नव्हतं.

पेर्पेतुआचं बोट माझ्या बटणावर आवळून बसलं होतं. ती किंचाळत होती आणि बोट सुटत नव्हतं. त्यामुळे मी फोटो काढत राहिलो. मला थांबता येत नाही, मित्रांनो. बोट उचललं तरच मी थांबतो.

ते फोटो तिनं नंतर एकेक करून पुसून टाकले.

गोन्झागाला झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळून घरामागच्या केळीच्या बागेत पुरलं. अंगणात जाळ पेटवून माणसं दिवसचे दिवस बसली होती. मी डब्यात होतो, पण झाकण उघडं राहिलं होतं. सेबुन्या म्हणत होता, "मुबीरू, मी काही बोलत नाही. पण एका होडीत बाई आणि समोर बुल्वे. आम्ही वर्षानुवर्षं ओरडतोय."

मुबीरू उठला. घरात आला. छपरातून त्यानं भाला काढला आणि दगडावर घासायला बसला.

पेर्पेतुआ त्याच्या शेजारी जाऊन बसली. "ताता, पाणघोड्यानं मारलं त्याला."

त्यानं घासणं थांबवलं नाही.

"बुल्वेनं काही केलं नाही. तो वळला म्हणून झालं. डोळे झाकून वळला तो. सरळ गेला असता तर आज इथे बसून हसला असता."

"वळायला कोणी लावलं त्याला?" मुबीरू म्हणाला.

ती उठली आणि तिनं मला डब्यातून काढून गळ्यात अडकवलं.

तेव्हापासून ती उजाडताच घरट्यापाशी जाऊन बसू लागली, पहारा द्यायला. आणि इथेच तिची चूक झाली. घरटं कुठे आहे हे धक्क्यावर कोणालाच माहीत नव्हतं. तिच्या होडीनं लव्हाळी मोडत मोडत तिथपर्यंत रोज एक वाट पाडली. मुबीरू त्या वाटेनं आला.

ऊन चढलं होतं. मादी घरट्यावर पंख जरा पसरून उभी होती, पिल्लू तिच्या सावलीत. वल्ह्याचा आवाज नव्हताच. मुबीरू भाल्याचा दांडा चिखलात रोवून होडी ढकलत आला होता. पेर्पेतुआला चाहूल लागली तेव्हा तो उभा राहिला होता. भाला सुटला आणि मादीच्या मानेच्या बुंध्यात आरपार गेला. ती कोसळली. पंख आपटले, चोच खडाखडा वाजली, रक्ताचे फवारे तिच्या राखाडी छातीवर उडाले. पिल्लू तिच्या पंखाखालून कसंबसं सरपटत बाहेर आलं. मुबीरूनं कंबरेचा कोयता काढला आणि घरट्यावर पाय ठेवला.

"ताता, थांब."

"बाजूला हो पोरी."

"लहान पिल्लू आहे ते."

"गोन्झागा काय होता?"

ती त्याच्या आणि पिल्लाच्या मध्ये आली. त्यानं तिला ढकललं. ती कमरेएवढ्या पाण्यात पडली. उठली. माझा पट्टा तिनं मनगटाला गुंडाळला. मला कळलं ती काय करणार आहे, आणि मी काही करू शकत नव्हतो. लांब भिंगासकट मी चांगला वजनदार होतो. तिनं मला फिरवलं आणि सगळ्या ताकदीनं बापाच्या कपाळावर मारलं.

मी आयुष्यभर माराकडे बाहेरून बघत आलो होतो. मारणं कसं असतं ते मला तेव्हा कळलं. माझं भिंग तडकलं, आतला पडदा तुटला. त्याच्या भुवईची कातडी फाटून लोंबली. त्याचं गरम रक्त माझ्या तडकलेल्या काचेतून आत शिरलं. तो झाड पडावं तसा होडीत आडवा पडला. पट्टा तुटला आणि मी उडून घरट्याच्या गवतात जाऊन रुतलो.

पेर्पेतुआ आपल्या हातांकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "ताता. ताता, ऐकतोस का." उत्तर येईना. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, ओढणीनं बांधलं, आणि ती वेड्यासारखी वल्हवत निघून गेली. मला विसरून. मला त्याचं वाईट वाटलं नाही. बापाला वाचवायला निघालेल्या माणसानं कॅमेरा आठवू नये.

मी तिथेच पडून राहिलो. पडदा तुटला होता, दिसत होतं. टकल्या डोक्याचे थोराड करकोचे आले आणि मादीच्या प्रेतावर तुटून पडले. भांडत, एकमेकांना ओरबाडत त्यांनी तिला फाडलं. पिल्लू माझ्यामागे अंग चोरून बसलं. नर आला आणि त्यानं करकोच्यांना चोचीनं झोडपलं, एकाचा पाय मोडला. मग तो एकटाच मासे आणू लागला. पेर्पेतुआ आली नाही. का आली नाही ते मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं. बापाचं रक्त काढणारी मुलगी म्हणून कुळाच्या वडीलधाऱ्यांनी तिला घरात बसवलं होतं. पाण्यावर जायचं नाही, होडीला हात लावायचा नाही, शुद्धी होईपर्यंत.

म्हणून ती आली नाही, आणि मुबीरू आला.

डोक्याला पांढरी पट्टी होती. तो घरट्यावर चढला. मादीच्या उरल्यासुरल्या हाडांतून त्यानं आपला भाला उपसला आणि पिल्लाकडे वळला. पिल्लू पळालं नाही. त्याला वाटलं, कोणीतरी अन्न आणलं. त्यानं मान वर केली आणि चोच वाजवली. मुबीरूनं भाला उचलला. तेवढ्यात वरून सावली आली. तो चटकन लव्हाळ्यांत खाली बसला. दोघांना एकदमच संपवायचा विचार असणार त्याचा. भाला खांद्यावर धरलेलाच होता.

नर उतरला. त्याच्या चोचीत मासा नव्हता. पाणी होतं. चोच भरून पाणी. ऊन इतकं होतं की गवताला हात लावला तर पोळावा. त्यानं पिल्लाच्या डोक्यावर चोच उघडली आणि ते पाणी त्याच्या पाठीवरून ओतलं. पिल्लू शहारलं, पंख झाडले, डोळे मिटून उभं राहिलं. नर गेला, पुन्हा चोच भरून आला, पुन्हा ओतलं. पुन्हा गेला.

मुबीरूचा भाला खाली आला. तो बसल्या जागी पुढे वाकला आणि रडू लागला. गोन्झागा गेल्यापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. नर परत आला तरी त्याला लपायचं भान राहिलं नाही. पक्ष्यानं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं पक्ष्याकडे.

"मीपण असंच ओतलं," तो म्हणाला. "शेवटचं न्हाऊ घालताना. डोक्यावरून ओतलं, पाठीवरून ओतलं. रक्त थांबेना. म्हणून अजून ओतलं. भाऊबंद म्हणाले, मुबीरू, पुरे आता. मला पुरे होईना." त्यानं नाक पुसलं. "तुझं जितं आहे. तू ओत."

त्यानं भाला गवतात ठेवला. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "पण उद्या ते सगळे येणार. सेबुन्या, त्याचे भाऊ. मी मारलं नाही म्हटलं तर कोयते घेऊन येतील. आणि पोरीला खरं सांगितलं तर ती शुद्धी होताच इकडे पळत येईल, तिच्यामागून ते येतील. तिच्या तोंडावर काही लपत नाही."

त्यानं गवतातली पिल्लाची गळलेली पिसं आणि लव गोळा केली, मूठभर. डोक्याची पट्टी सोडली. भुवईवरचे टाके ओले होते. त्यानं अंगठ्यानं ते दाबले, मग नखानं उसवले. रक्त आलं. ते त्यानं पिसांना लावलं, भाल्याच्या पात्याला लावलं, पार दांड्यापर्यंत. दात आवळून तो हे करत होता, आणि ते करताना तोंडातून एकदाच आवाज आला.

मग त्याला मी दिसलो. त्यानं मला उचलून सदऱ्याला पुसलं आणि माझ्या फुटक्या काचेत पाहिलं.

"तू बघितलंस," तो म्हणाला. "पण तुझी वाचा तिनंच घालवली. बरं झालं."

धक्क्यावर सगळे जमले होते. मुबीरूनं भाला आणि पिसं सेबुन्याच्या पायाशी टाकली.

"पिल्लू मेलं," तो म्हणाला. "नर तलावाच्या पलीकडे उडून गेला. तिकडे आता काही नाही. माझ्या पोराचा हिशोब मी संपवला, तिकडे दुसऱ्या कोणी जायचं कारण नाही."

माणसांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. कोणी बिअर आणली. सेबुन्यानं पिसं पायानं उलटी करून पाहिली आणि समाधानानं मान डोलावली. मग मागे गर्दीत वाट झाली आणि पेर्पेतुआ आली. घरातून पळत आली होती, कोणी अडवायच्या आत. तिकडे मुलगी बापासमोर गुडघे टेकल्याशिवाय बोलत नाही. तिनं गुडघे टेकले नाहीत. तिनं पिसं पाहिली. भाला पाहिला. मुबीरूनं मला तिच्या हातात दिलं. त्याच्या भुवईतून रक्त ओघळत होतं. टाके चालताना उसवले असतील, असंच सगळ्यांना वाटलं.

"मुबीरू," ती म्हणाली. बापाला नावानं हाक मारली तिनं, भर धक्क्यावर. "मी तुझं घर सोडते. माझ्या दारात येऊ नकोस."

"बरं," तो म्हणाला.

मित्रांनो, मी तिच्या हातात होतो. ती माझ्या फुटक्या काचेवर रडत होती. मी माझ्या आतल्या तुटक्या पडद्याला किती विनवलं असेल.

ती घर सोडून गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायला गेली. शुद्धीसाठी वडीलधाऱ्यांनी बापासमोर बसायला बोलावलं, ती गेली नाही. पुढे राखीव पाणथळीच्या लोकांनी तिला नवा कॅमेरा दिला. चांगला आहे बिचारा, फार बोलत नाही. मला दुरुस्तीसाठी शहरात दाखवलं, तिथल्या माणसानं नकारार्थी मान हलवली. तिनं मला फेकलं नाही. भिंतीवर खिळा ठोकून टांगलं, भिंग दाराकडे करून.

सेबुन्याची माणसं त्या बाजूला कधीच गेली नाहीत. मेलेल्याला मारायला कोण जाणार? एकदा एक पाहुणा तिला आपल्या फोनमधला फोटो दाखवत होता. तपकिरी झाक असलेला, कोवळ्या चोचीचा बुल्वे, लव्हाळ्यांवरून पहिल्यांदाच उडताना. पेर्पेतुआनं तो खूप वेळ पाहिला.

"दुसरीकडून आलेला असेल," ती म्हणाली. "आमचं मारलं."

त्याच आठवड्यात मुबीरू आला. पिल्लू उडालं हे त्यालाही कळलं असणार. आता सांगायला हरकत नव्हती. तो कुंपणापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "पेर्पेतुआ, एक गोष्ट सांगायची होती." तिनं मान वर न करता दार लावून घेतलं. तो आल्या वाटेनं परत गेला. पुन्हा त्यानं हाक मारली नाही. त्याचाही स्वभाव तिच्यासारखाच.

माझ्यासारख्या जुन्या वस्तूनं शेवटी तुम्हाला जपून वापरायला सांगायचं असतं. तुम्ही वस्तू जपाल, तुम्ही चांगले आहात. मला दुसरंच मागायचं आहे. तुमच्यापैकी कोणी कधी नालुकोंगेला गेलंच, तर बुल्वे नंतर बघा. आधी पेर्पेतुआचं घर विचारा. धक्क्यावर कोणीही दाखवेल. तिला सांगा, भाल्यावरचं रक्त पिल्लाचं नव्हतं, तुझ्या बापाचं होतं, तू जिथे मारलंस तिथलंच. आणि जरा लवकर जा. हल्ली तो काठी टेकत या घरावरून जातो. दारासमोर आला की धाप लागल्याचं निमित्त करून थांबतो, आणि आत बघतो.